फॅक्सची प्रत अस्पष्ट का येते?

शासकीय कारभारात पत्र वेळेवर पोहोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वाचता येणेही महत्त्वाचे असते. पहिल्या गोष्टीची नोंद आवक-जावक बारनिशीत होते. दुसरीची मात्र कोठेच होत नाही. प्रत पुसट आली, मधल्या दोन ओळी गळाल्या किंवा आकड्यांवरून काळी रेघ गेली, तर बहुधा दूरध्वनीवरून विचारणा होते, मजकूर तोंडी सांगितला जातो आणि काम पुढे सरकते. असे करताना एखादा आकडा अगर एखादे नाव चुकले, तर त्याचा परिणाम कार्यालयापेक्षा गावालाच अधिक भोगावा लागतो.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याचे उदाहरण घेऊ. या तालुक्यात सोनांबे हे एक गाव आहे आणि कोनांबे हे दुसरे. मऱ्हळ बुद्रुक आहे, तसेच मऱ्हळ खुर्दही आहे. पत्रात ही नावे ‘मऱ्हळ बु.’ आणि ‘मऱ्हळ खु.’ अशी लिहिली जातात. टंचाईच्या काळात पाणीपुरवठ्याच्या प्रस्तावाची प्रत पुढे गेली आणि तीत गावाच्या नावाचे पहिलेच अक्षर काळवंडले, तर वाचणाऱ्याने कोणते गाव समजावे? लोकसंख्येच्या रकान्यात १ आहे की ९, हे त्याने कशावरून ठरवावे? प्रत सुवाच्य असावी, हा आग्रह केवळ टापटिपीपुरता नाही, हे यावरून ध्यानात येईल.

ई-मेल आणि ई-ऑफिस प्रणाली आल्यापासून फॅक्सचा वापर पुष्कळ ओसरला आहे. तथापि काही कार्यालयांत व कारखान्यांत हे यंत्र अजूनही टेबलावर आहे. शिवाय छपाई, प्रत काढणे, स्कॅन करणे आणि फॅक्स पाठविणे ही चारही कामे करणारी एकत्रित यंत्रे आता तहसील कार्यालयापासून शाळेपर्यंत दिसतात. त्यांच्या छपाईतील दोष आणि त्या दोषांची कारणे जुन्या फॅक्स यंत्रासारखीच असतात. म्हणून या दोषांची ओळख आजही उपयोगी पडणारी आहे.

चित्र पाठविणारे यंत्र

दूर अंतरावर चित्र पाठविण्याची कल्पना दूरध्वनीपेक्षाही जुनी आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले होते. मात्र सामान्य कार्यालयात हे यंत्र पोहोचावयास सुमारे दीडशे वर्षे लागली. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या समितीने यासंबंधीचे एक समान मानक ठरविले आणि कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी बोलू शकेल, अशी सोय झाली.

मराठीतून कारभार करणाऱ्या कार्यालयांना या यंत्राचा एक विशेष लाभ झाला. तारेने मजकूर पाठवावयाचा, तर तो अक्षर-अक्षर करून आणि बहुधा रोमन लिपीत पाठवावा लागे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. फॅक्स यंत्राला मात्र लिपी कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. ते पानाचे चित्र पाठविते. त्यामुळे मराठी मजकूर, सही, शिक्का आणि हाताने काढलेला नकाशा, सारे काही जसेच्या तसे जाते.

हे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. यंत्र पानावर आडव्या रेषा कल्पून प्रत्येक रेषेतील काळे-पांढरे ठिपके मोजते. एका रेषेत १७२८ ठिपके असतात. म्हणजे आडव्या दिशेने दर मिलिमीटरला ८ ठिपके पडतात. उभ्या दिशेने मात्र साध्या प्रकारात दर मिलिमीटरला ३.८५ रेषाच असतात. ‘फाइन’ नावाचे बटण दाबले म्हणजे हीच संख्या ७.७ होते. बारा पॉइंटच्या मराठी टंकात अनुस्वाराचा ठिपका साधारणपणे अर्धा मिलिमीटर उंचीचा असतो. साध्या प्रकारात त्याच्या वाट्याला दोनच रेषा येतात आणि त्यांतली एक चुकली, तरी अनुस्वार दिसेनासा होतो. इंग्रजी मजकुराला पुरेशी पडणारी मांडणी मराठी मजकुराला अपुरी पडते, ती यामुळेच. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, मात्रा व उकार ही अर्थ ठरविणारी चिन्हे ओळीच्या वर आणि खाली बारीक आकारात येतात. तेव्हा मराठी पत्र पाठविताना ‘फाइन’चा वापर हा नियमच समजावा. पान जाण्यास थोडा अधिक वेळ लागतो. परंतु दुसऱ्यांदा पाठविण्यापेक्षा तो कमीच असतो.

दोष कोठे आहे, हे आधी ठरवावे

प्रत बिघडली की प्रथम आपल्याच यंत्राला दोष देण्याकडे कल असतो. दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविले जाते, टोनरची नळी बदलली जाते, खर्च होतो आणि दोष तसाच राहतो. वास्तविक दोष तीन ठिकाणी असू शकतो : पाठविणाऱ्याच्या यंत्रात, मधल्या दूरध्वनी वाहिनीत किंवा आपल्या यंत्रात. यांपैकी नेमके ठिकाण कोणते, हे तीन कागदांवरून पाच मिनिटांत ठरविता येते.

पहिला कागद म्हणजे यंत्राचा स्वतःचा अहवाल. बहुतेक यंत्रांत सेटिंगची यादी अगर पाठविलेल्या-आलेल्या पत्रांची यादी छापण्याची सोय असते. ही यादी यंत्र आपल्या स्मृतीतून छापते. तिच्यासाठी काचेचा किंवा दूरध्वनीचा उपयोग होत नाही. यादीच पुसट किंवा रेघाळलेली निघाली, तर दोष आपल्या छपाईच्या भागात आहे, हे निश्चित झाले.

दुसरा कागद म्हणजे त्याच यंत्रावर काढलेली एखाद्या स्वच्छ पानाची प्रत. यादी स्पष्ट निघाली आणि प्रत मात्र खराब निघाली, तर दोष कागद वाचणाऱ्या भागात, म्हणजे बहुधा काचेवर आहे. असा दोष आपल्याकडे येणाऱ्या पत्रांत दिसत नाही. आपण पाठविलेल्या पत्रांत तो समोरच्या कार्यालयाला दिसतो. म्हणूनच तो आपल्या लक्षात फार उशिरा येतो.

तिसरा कागद म्हणजे आलेले पत्रच. त्याच्या माथ्यावर पाठविणाऱ्याचा क्रमांक, दिनांक व वेळ दर्शविणारी एक बारीक ओळ असते. ही ओळ काचेवरून वाचलेली नसून पाठविणाऱ्या यंत्राने स्वतः तयार केलेली असते. ती ओळ स्वच्छ असून खालचा मजकूर काळवंडलेला असेल, तर दोष पाठविणाऱ्याच्या काचेत अगर मूळ पत्रात आहे. ती ओळही तुटलेली असेल, तर दोष वाहिनीत किंवा आपल्या छपाईत आहे. आपली यादी स्पष्ट निघत असल्यास दोष वाहिनीत राहिला.

ही पद्धत कार्यालयातील कोणाही कर्मचाऱ्यास शिकविता येते. एका पुठ्ठ्यावर लिहून ती यंत्राजवळ टांगून ठेवल्यास दुरुस्तीचे निम्मे फेरे वाचतील.

काचेवरचा कण आणि पानभर रेघ

सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे पानाच्या वरपासून खालपर्यंत गेलेली काळी उभी रेघ. यंत्रात कागद सरकत जातो आणि काचेची एक अरुंद पट्टी जागच्या जागी राहते. त्या पट्टीवर व्हाइटनरचा, डिंकाचा किंवा शाईचा मोहरीएवढा कण चिकटला, तर पानाची प्रत्येक रेषा त्या कणाखालूनच वाचली जाते आणि कणाची रेघ बनते. तेच पान सपाट काचेवर ठेवून प्रत काढली, तर रेघ उमटत नाही. दोष पट्टीवरच आहे, हे ओळखण्याची ही खूण होय.

उपाय सोपा आहे. यंत्राची वीज बंद करावी. मऊ, सुती, धागे न सुटणारे कापड पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करून पट्टी पुसावी आणि कोरड्या कापडाने पुन्हा पुसून घ्यावी. द्रव थेट काचेवर शिंपडू नये. ब्लेडने किंवा नखाने खरवडू नये. काचेवर चरा पडला, तर रेघ कायमची होते. कागद ओढणारे रबरी रूळ नुसत्या ओलसर कापडाने पुसावेत. पत्रातील टाचण्या व स्टेपलच्या पिना आधी काढाव्यात आणि व्हाइटनर वाळल्याखेरीज कागद यंत्रात घालू नये.

सिन्नर तालुक्यात या बाबतीत दोन्ही प्रकारची काळजी घ्यावी लागते. पूर्वेकडील वावी, शहा, पाथरे हा भाग कमी पावसाचा. तेथे उन्हाळ्यात उघड्या खिडकीतून येणारी धूळ काचेवर बसते. पश्चिमेकडे ठाणगाव, पांढुर्लीच्या बाजूला पावसाळ्यात हवा दमट राहते आणि उघडा ठेवलेला कागदाचा गठ्ठा ओल धरतो. ओलसर कागदावर टोनर नीट बसत नाही, मधे-मधे फिकट चट्टे येतात आणि कागद अडकतो. एकीकडे यंत्रावर आच्छादन घालणे आणि दुसरीकडे कागद वेष्टनातच ठेवणे, हे दोन्ही उपाय बिनखर्ची आहेत.

छपाईचे दोष

छपाईच्या रीतीनुसार यंत्रांचे मुख्यतः तीन प्रकार प्रचारात आले आणि प्रत्येकाच्या दोषाची खूण वेगळी आहे.

पहिला प्रकार गुंडाळीच्या चकचकीत थर्मल कागदाचा. यात शाई नसते. कागदाच्या एका बाजूवर रसायनाचा थर असतो आणि तो उष्णतेने काळा होतो. यंत्रात सूक्ष्म तापकांची एक रांग असते. त्यांतील एक तापक निकामी झाला किंवा त्यावर मळ बसला, तर तेवढ्या जागी पांढरी उभी रेघ राहते. यंत्र थंड झाल्यावर ही रांग अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावी. पुसूनही रेघ राहिली, तर तापकांची ती सबंध रांग बदलावी लागते. सारेच पान कोरे निघाल्यास गुंडाळी उलटी बसविली नाही ना, हे पाहावे. कागदावर नख ओढून पाहावे. ज्या बाजूवर काळी रेघ उमटते, ती छपाईची बाजू.

दुसरा प्रकार शाईच्या पातळ फिल्मचा. यात फिल्मवरील शाई उष्णतेने साध्या कागदावर उतरते. फिल्मला सुरकुती पडली, तर तिरप्या पांढऱ्या रेघा दिसतात. फिल्म ताणून पुन्हा बसविली की त्या जातात. या प्रकाराविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. वापरलेल्या फिल्मवर छापलेला सर्व मजकूर पारदर्शक अक्षरांत शिल्लक राहतो आणि उजेडात धरल्यास वाचता येतो. गोपनीय पत्रे येणाऱ्या कार्यालयाने ती केराच्या टोपलीत टाकू नये, कातरून नष्ट करावी.

तिसरा प्रकार लेझर यंत्राचा. आजची बहुतेक एकत्रित यंत्रे याच प्रकारची असतात. सारे पान फिकट येऊ लागले, तर टोनर संपत आला, असे समजावे. नळी काढून आडवी धरून हळूच हलविल्यास आणखी काही पाने निघतात; परंतु हा तात्पुरता उपाय होय. एकच डाग ठरावीक अंतराने पुन:पुन्हा उमटत असेल, तर तो एखाद्या फिरत्या रुळावर किंवा ड्रमवर आहे. पट्टीने ते अंतर मोजून दुरुस्ती करणाऱ्यास सांगितल्यास त्यावरून त्याला तो रूळ ओळखता येतो. अक्षरे बोटाने पुसली जात असतील, तर टोनर कागदात वितळविणारा भाग पुरेसा तापत नाही किंवा कागद ओलसर आहे. ड्रमला हात लावू नये आणि तो उजेडात उघडा ठेवू नये. त्याचा पृष्ठभाग प्रकाशाला संवेदनशील असतो आणि जास्त उजेडाने तो खराब होतो.

दूरध्वनीची वाहिनी

ओळी गळणे, अक्षरे उभी ताणली जाणे, पान मध्येच तुटणे ही वाहिनीतील गोंगाटाची लक्षणे होत. दूरध्वनी कानाला लावून ऐकावे. खरखर ऐकू आल्यास कोणतेही यंत्र स्वच्छ पान पाठवू शकणार नाही. पावसाळ्यात तारेच्या जोडात पाणी गेल्याने असे पुष्कळदा घडते. त्याच तारेवर दुसरा दूरध्वनी किंवा ब्रॉडबँड असल्यास ते काही वेळ सोडवून पाहावे.

यंत्रात चूक सुधारण्याची एक सोय असते. इंग्रजी अक्षरांवरून तिला ईसीएम म्हणतात. ती चालू असल्यास पानाचा जो भाग बिघडून आला, तेवढाच यंत्र पुन्हा मागून घेते. ही सोय नेहमी चालू ठेवावी. तरीही पान जात नसेल, तर पाठविण्याचा वेग १४,४०० वरून ९,६०० किंवा त्याहून कमी बिटांवर आणावा. सावकाश बोलल्याने गोंगाटातही शब्द कळतात, तसाच हा प्रकार आहे. इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनी जोडणीवर जुने फॅक्स यंत्र कित्येकदा नीट चालत नाही, कारण ती व्यवस्था माणसाच्या आवाजासाठी ध्वनी दाबून पाठविते आणि त्यात यंत्राचे सूर बिघडतात. अशा ठिकाणी यंत्र दुरुस्त करण्यात खर्च करण्यापेक्षा पत्र स्कॅन करून ई-मेलने पाठविणे श्रेयस्कर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पत्र गेल्यावर यंत्र ‘ओके’ असा अहवाल देते आणि तो पुरावा म्हणून नस्तीला लावला जातो. या ‘ओके’चा अर्थ इतकाच, की समोरच्या यंत्राने संदेश स्वीकारला. तेथील कागदावर तो स्पष्ट छापला गेला, असा त्याचा अर्थ नाही. महत्त्वाच्या पत्राच्या बाबतीत मजकूर वाचता आला का, हे दूरध्वनीवर विचारून त्याची नोंद करावी.

मूळ पत्र कसे असावे

पुष्कळदा यंत्रे निर्दोष असतात आणि मूळ पत्रच पाठविण्याजोगे नसते. पेन्सिलीचे लिखाण, फिकट निळी शाई, कार्बनची तिसरी प्रत, रंगीत कागद यांतून यंत्राला काळे-पांढरे वेगळे करता येत नाही. पिवळ्या मार्करने ठळक केलेली ओळ काही यंत्रांवर करडी किंवा काळी उमटते. म्हणजे जी ओळ विशेष लक्षात यावी, तीच वाचता येत नाही. अशा पत्राची प्रथम गडद झेरॉक्स काढून ती पाठवावी. शिक्का सहीवर किंवा आकड्यांवर मारू नये, मोकळ्या जागी मारावा.

मराठी मजकुरासाठी टंक १४ पॉइंटचा असल्यास अनुस्वार आणि मात्रा टिकतात. महत्त्वाचे आकडे अंकांबरोबर अक्षरांतही लिहावेत : १९ (एकोणीस). धनादेशावर आपण ही काळजी घेतो, मग लोकसंख्येच्या किंवा टँकरच्या खेपांच्या आकड्यांवर का घेऊ नये? गावाच्या नावातील ‘बु.’ आणि ‘खु.’ यांचा विस्तार करून बुद्रुक, खुर्द असे पूर्ण लिहावे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिला आहे. तो नावापुढे लिहिल्यास सोनांबे व कोनांबे यांत घोटाळा होण्याचे कारण उरत नाही. या सवयी ई-मेलने जाणाऱ्या स्कॅन प्रतींनाही तितक्याच लागू आहेत.

अभिलेखातील थर्मल कागद

आता एका अशा दोषाकडे वळू, जो प्रत आल्यावर पुष्कळ वर्षांनी दिसतो. थर्मल कागदावरील अक्षरे स्थिर नसतात. उष्णता, प्रकाश, तेल, डिंक, सेलोटेप आणि मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या यांच्या संपर्काने ती फिकी पडत जातात आणि शेवटी कागद कोरा होतो. प्लॅस्टिकच्या आवरणात जपून ठेवलेले पत्र नस्तीत उघडे ठेवलेल्या पत्राच्या आधी पुसले जाते, ते आवरणातील रसायनामुळे.

शासकीय अभिलेखांत ‘अ’ वर्गातील कागद कायम आणि ‘ब’ वर्गातील कागद ३० वर्षे जतन करावयाचे असतात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेखांचे जतन ही कार्यालयाची जबाबदारी आहे. आणि माहितीच्या अधिकारात एखाद्या नागरिकाने जुना आदेश मागितला, तर ‘कागद आहे, पण त्यावर अक्षर नाही’ हे उत्तर देण्याची वेळ कोणत्याही कार्यालयावर येऊ नये. ज्या नस्त्यांत १९९० च्या दशकातील आणि त्यानंतरची फॅक्सपत्रे थर्मल कागदावर आहेत, त्या नस्त्या प्रथम पाहाव्यात. अशा प्रत्येक पत्राची साध्या कागदावर झेरॉक्स काढावी, ती स्कॅन करावी, ‘मूळ फॅक्सवरून काढलेली प्रत’ असा शेरा लिहून जबाबदार अधिकाऱ्याने सही व दिनांक घालावा आणि मूळ कागदही सोबत ठेवावा. असा कागद चुकूनही लॅमिनेट करू नये. त्या यंत्राच्या उष्णतेने सबंध कागद काळा होतो. शाळांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मान्यतेची व अनुदानाची जुनी पत्रे जपण्याच्या हेतूने लॅमिनेट करण्याची पद्धत तेथे रूढ आहे.

करावयाची कामे

वरील सर्व उपायांना लागणारे साहित्य म्हणजे मऊ कापड, थोडे अल्कोहोल, यंत्रावरचे आच्छादन आणि कोरडा कागद. त्याहून महत्त्वाचे असे, की यंत्राची जबाबदारी कोणा एकाकडे नावानिशी सोपविलेली असावी. दर सोमवारी काच पुसणे, एक प्रत व एक यादी काढून पाहणे आणि त्या दोहोंवर दिनांक घालून ती एका नस्तीत लावणे, एवढे काम त्या कर्मचाऱ्याने केले, तर दोष केव्हा सुरू झाला, हे शोधत बसावे लागत नाही. दुरुस्ती करणाऱ्यासही ती नस्ती दाखविता येते.

ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी आपल्याकडून जाणारे पत्र पाठविण्यापूर्वी हातभर अंतरावर धरून एकदा वाचावे. तेथे जे अक्षर लागत नाही, ते पुढच्या कार्यालयातही लागणार नाही. ते तेव्हाच दुरुस्त करून घ्यावे, कारण पत्र एकदा पुढे गेले की त्या अक्षराचा अर्थ लावण्याचे काम दुसऱ्याच्या हाती जाते.